बर्फातली बाटली

आमचा गुलाबाचा मळा. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून फुलं मुंबईला धाडायचं काम मी लहानपणापासून केलेलं. त्यामुळे गार कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवू नये, असा माझा तोरा होता.

भारनियमनाचे दिवस, फ्रिज निम्मा वेळ बंदच. आईला इन्सुलिन नुकतं सुरू झालेलं आणि डॉक्टरांनी बाटली गार ठेवायला सांगितलेली. भर मे महिन्यात सिन्नरला मावशीकडे लग्न निघालं. मी बाटली फुलांच्या खोक्यात बर्फात खोचली. वर आइस्क्रीमच्या भांड्याला घालतात तसं मूठभर मीठही घातलं, म्हणजे आणखी गार.

सकाळी लग्नघरी बघते तर औषध गोठलेलं. बाटली तळहातांत चोळून पातळ केलं नि दिलं टोचून. तेच मी दोन दिवस देत राहिले.

दुसऱ्या दिवशी आईची तहान काही भागेना. तांब्यामागून तांब्या पाणी, लघवीला सारख्या खेपा, तोंड सुकलेलं. मांडवातल्या बायका म्हणाल्या, ऊन लागलंय, पन्हं द्या. मीच गूळ घालून केलं. आईनं पेला हातात धरून विचारलं, "गोड चालेल का गं मला?"

"उन्हाचं औषध आहे, पी गुमान," मी खेकसले. तिनं दोन पेले घेतले.

दुपारी ती ओकायला लागली, हाक मारली तर नुसतं हूं करायची. जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन मी नाशिक गाठलं. तिच्या छातीवरचा हात काढायची हिंमत होईना. आई मेली तर मी मारली, एवढंच डोक्यात.

साखर पाहून डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, बाटली कुठे ठेवली होती. मी मिठासकट सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोठलं की औषधाचा भरवसा संपला, फेकायचं.

आई वाचली. आठवड्यानं घरी आली. तेव्हापासून बाटली कोऱ्या मडक्यात, मडकं ओल्या फडक्यात, सावलीला. मावशी भेटायला आली नि काय झालं होतं म्हणाली. मी मान खाली घातली.

"ऊन लागलं होतं," आई म्हणाली. "पोरीनं वेळेवर आणलं."

इंजेक्शनची वेळ झाली होती. सुई भरून मी हातात धरली होती, पण टोचायला धजत नव्हते. आईनं पदर बाजूला केला.

"टोच," ती म्हणाली. "मी तुझ्याच हातचं घेणार."