आठवड्यातून एकदा येणारी भरती

फोन आला तेव्हा मी आगरदांड्याच्या धक्क्यावर पत्रकं वाटत होते. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची रांग लागली की लोकांना वाचायला वेळ असतो, म्हणून आम्ही ती जागा धरतो. पलीकडून हिराजीकाकांचा पुतण्या रमेश बोलत होता. "अगो, काका..." एवढंच तो म्हणाला आणि माझा फोन मेला. त्याआधी कोपऱ्यात नऊ टक्के दिसत होते. नऊ टक्के म्हणजे अर्धा तास तरी, असं मी धरून चालले होते. पुढचं वाक्य ऐकायला मला रांगेतल्या एका टेम्पोवाल्याकडे चार्जर मागावा लागला, आणि ते वाक्य काय असणार हे वायर लावण्याआधीच कळलं होतं. मला रडू आलं नाही, राग आला. दिसतोय त्या आकड्यावर विसंबू नकोस, असं मला वर्षानुवर्षं बजावणारा माणूस गेल्याची बातमी त्या आकड्यानंच अर्धवट तोडली होती.

हिराजीकाका आमचे शेजारी. नात्यानं लांबचे, पण त्यांच्या ओटीवर मी वाढले. आमचं गाव खाडीच्या काठाला. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे, माणसांनी डोक्यावर चिखल वाहून घातलेला. त्या बांधाला भगदाड पडलं की आम्ही म्हणतो, खांड पडली. खांड वेळेत बुजवली नाही की खारं पाणी आत शिरतं आणि ती जमीन पुढची कित्येक वर्षं भात देत नाही. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा अशी एक मोठी खांड पडली. गावानं जमेल तशी बुजवली, ती पुन्हा पडली, आणि सरकारी दुरुस्ती काही आली नाही. आता बांधांची यादी ठेवणारं सरकारी कार्यालय म्हणतं, इथं शेती कधी नव्हतीच, पाणी पहिल्यापासूनचं आहे, सबब हा बांध दुरुस्तीच्या यादीतून वगळावा. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, सुनावणी बाकी आहे. पण बांध यादीतून गेला की त्यामागची जमीन कागदावर शेती राहत नाही. मग ती कुणाच्या घशात जाते, हे रायगडातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. आधी पाणी आत येऊ द्यायचं आणि मग पाणी आहे म्हणून जमीन नाकारायची, याला आमच्या गावात कामकाज म्हणत नाहीत.

काका मुंबईला गोदीतल्या एका खासगी ऑफिसात माल मोजणारे कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक त्यांनी मागून आणलं. हातात धरून न्यायचा संगणक. आज लॅपटॉप म्हटलं की डोळ्यांसमोर वहीएवढी चपटी वस्तू येते. हे प्रकरण शिलाई मशीनच्या पेटीएवढं जड होतं. निळसर पडदा, कडकड वाजणारी बटणं, आणि मराठी अक्षर एकही नाही. काका मराठीच लिहायचे, इंग्रजी अक्षरांत. काकी त्या मशीनला पाटा म्हणायची. "तुमचा पाटा उचला, ताटं मांडायचीत," असं रोज जेवणाआधी.

खांड पडल्यावर काकांनी हा पाटा खांद्याला लावला आणि ते बांधावर जाऊन बसू लागले. कुणाची किती जमीन, कुणी कधी कोणतं भात लावलं, पाणी कुठून शिरलं, हे माणसांच्या तोंडून ऐकून तिथल्या तिथं टाइप करायचं. घरी बोलावलं तर लोक येत नाहीत आणि आले तर चहाच पितात, असा त्यांचा अनुभव. शिवाय गावात वीज असायची कमी आणि जायची फार. सगळं काम बॅटरीवर.

आता त्या काळच्या बॅटरीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. टक्के वगैरे काही नव्हतं. एक हिरवा दिवा होता. तो लाल झाला की समजायचं, संपत आलं. लाल झाल्यावर किती वेळ? कधी पंधरा मिनिटं, कधी तीन. बॅटरी जुनी तसा हा खेळ आणखी बेभरवशाचा. आणि बॅटरी पार मेली तर भिंतीला वायर लावूनही ते मशीन उठायचं नाही, आधी तिला तासन्‌तास चारावं लागायचं.

यमुनाबाई ही गावातली तेव्हाची सगळ्यात म्हातारी बाई. बांध घातला तेव्हा ती परकरी पोर होती, तिनं स्वतः चिखल वाहिला होता. कुठल्या टोकाला सुरुवात झाली, पहिलं पीक कुणी काढलं, सगळं तिला पाठ. एका सकाळी ती काकांसमोर बसली आणि बोलत सुटली. दिवा लाल झाला. मागच्या खेपेला लाल दिव्यावर पंधरा मिनिटं मिळाली होती, म्हणून काकांनी तिला थांबवलं नाही, मजकूर साठवलाही नाही. तीन मिनिटांत पडदा काळा. सकाळभरचं बोलणं गेलं. यमुनाबाई हसली म्हणे. म्हणाली, "परत सांगन रं. मी कुठं पलतंय." आठव्या दिवशी ती गेली.

काका ही गोष्ट कधी पूर्ण सांगायचे नाहीत. "मी कुठं पलतंय" पर्यंत यायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे...

त्या दिवसापासून वही सुरू झाली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कापड दुकानात असते तशी. मशीन कधी भरलं, कधी चालू केलं, कधी दिवा लाल झाला, कधी मेलं, सगळं मनगटावरच्या घड्याळावरून. महिन्यातून एकदा ते मुद्दाम बॅटरी पूर्ण संपू द्यायचे, समोर बसून, ताप मोजावा तसे. म्हणजे या महिन्यात ही किती वेळ टिकते ते कळायचं. पन्नास मिनिटं निघाली तर ते पस्तिसाव्या मिनिटाला थांबायचे, दिवा हिरवागार असला तरी. समोरचा माणूस अगदी रंगात आलेला असला तरी हात वर करायचे, "थांब, वसरली." ओहोटी लागली की आमच्याकडे पाणी वसरलं म्हणतात. मग मजकूर साठवायचा, माणसाला वाचून दाखवायचा, आणि उरल्या वेळात तो जे दुरुस्त करील ते दुरुस्त करायचं. लोकांनी आधी टिंगल केली. पुढे बांधावर कुणाचं बोलणं लांबलं की बाकीचेच ओरडायचे, वसरली रे. बॅटरी फारच वसरायला लागली की काका पेणच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून आतल्या नळकांड्या बदलून आणायचे आणि नव्या पानावर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

मी कॉलेजात गेले, चळवळीत शिरले, पत्रकं लिहू लागले. माझी पत्रकं लांब असायची आणि पहिल्या ओळीपासून भांडायची. काका ती घेऊन ओटीवर बसायचे आणि विचारायचे, "किती उरलंय?" मला आधी कळायचंच नाही. मग एकदा त्यांनी सांगितलं.

"तुजा वाचनारा भिंतीला लावलेला न्हाय गो. तो बॅटरीवर हाय. रांग हलली का मेला. पयल्या ओळीत मानूस सांग, दुसरीत जमीन. शिव्या शेवटी, वेळ ऱ्हायला तर."

आगरदांड्याच्या धक्क्यावर मी आज जे वाटते ते याच मापानं लिहिलेलं असतं. शिव्यांपर्यंत मी बहुतेक वेळा पोचतेच, ती गोष्ट वेगळी.

गेल्या सुनावणीला काका स्वतः आले होते. छापलेल्या जबान्यांचा गठ्ठा आणि सोबत पाटा. टेबलामागच्या साहेबांनी फायलींची यादी पाहायला मागितली, काकांनी पडद्यावर दाखवली. प्रत्येक फायलीसमोर एकच तारीख होती, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. खोलीत कुणीतरी हसलं. तेव्हा हे मशीन तरी जन्मलं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि जबान्यांवर शेरा मारला की तारखा अविश्वसनीय आहेत, मजकूर मागाहून तयार केल्याची शक्यता नाकारता येत नाही.

झालं होतं असं, की त्या मशीनच्या पोटात आणखी एक बॅटरी होती. बटणाएवढी. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच तिचं काम. ती फार पूर्वीच मेली होती. ती मेली की मशीन चालू करताना दर वेळी आपल्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे त्या एक जानेवारीपासून, मोजायला लागतं. मोठ्या बॅटरीच्या मिनिटामिनिटावर पहारा ठेवणाऱ्या माणसाला या छोटीचा पत्ताच नव्हता. तारीख ते डोळ्यांनी पाहत असणारच, पण काळाचं काम त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे दिलं होतं, मशीनच्या घड्याळाकडे बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

परतताना एसटीत ते खिडकीशी बसले होते. पाटा मांडीवर. पेण मागे पडल्यावर म्हणाले, "वही हाय ना गो." मी पुढच्या पत्रकाची जुळवाजुळव करत होते, डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, काका, तुमची वही कोण बघतंय आता. ते खिडकीबाहेर बघू लागले. हे लिहिताना मला जड जातंय, पण लिहिते. त्या वहीबद्दल ते पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी आगरदांड्याला तो फोन आला. झोपेतच गेले.

बाराव्यानंतर काकीनं वही माझ्या हातात दिली. आजवर ती मी कधी उघडली नव्हती; उभ्या उभ्या चाळली, तर बॅटरी हा शब्द कुठंच दिसला नाही. रकान्यांत तिथी होत्या, अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा. मिठागरांवरची आणि खाडीवरची जुनी माणसं दिवस तिथीनंच मोजतात. तिथीपुढे भरती, तिच्यापुढे वेळ. मग ओहोटी, तिच्यापुढे वेळ. पानामागून पानं. मला वाटलं, या माणसानं वर्षानुवर्षं बांधावर बसून खाडीचं पाणी मोजलंय. त्याच दिवशी पत्रक छापायला टाकलं. मथळा मोठ्ठा, भरती-ओहोटीचा पहारेकरी. शिव्या या वेळी पहिल्या ओळीत.

काकीला वाचता येत नाही. रमेशनं तिला ओटीवर पत्रक वाचून दाखवलं, मीही तिथंच होते. तिनं कोळंबी सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं. नमुना म्हणून छापलेल्या तिथी आणि वेळा दोनदा वाचायला लावल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कनच्या खाडीला आठवड्यातून एकदाच भरती येते गो?"

रमेश हसायला लागला. मग काकीही. मी नाही.

खाडीकाठी जन्मलेली पोर मी. भरती दिवसाला दोनदा येते हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. आणि मी ते छापलं होतं. कार्यालयातल्या कुठल्याही माणसानं ते पत्रक घड्याळ लावून पाहिलं असतं, तर काकांच्या जबान्यांबरोबर आमची सगळी चळवळ खोटी ठरली असती. "ती खाडीची न्हाय, पाट्याची हाय," काकी म्हणाली. "चार्ज केला का भरती. वापरला का ओहोटी. त्याला दुसरा शब्द कुठं व्हता."

ते पत्रक वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले, पहिल्या पानापासून, एकही ओळ न सोडता. उजव्या बाजूला एक अरुंद रकाना होता, बारीक अक्षरांत, चाळताना मी तो पाहिलाही नव्हता. भरलेल्या बॅटरीत काय काम झालं ते त्यात होतं. बाळारामची जबानी, फाईल अमुक. उत्तरेची खांड, पाणी कमरेएवढं. दत्तूच्या शेतात भात उभं, पाणी अजून नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर साल आणि महिना. एकाच माणसाच्या हातचं, वेगवेगळ्या शाईत, सलग. मशीन ज्या तारखा विसरलं त्या सगळ्या इथं होत्या. यमुनाबाईचीही ओळ होती, सर्वांत पहिली. भरती, ओहोटी, आणि शेवटच्या रकान्यात दोनच शब्द. साठवलं नाही.

"वही हाय ना गो." त्यांना कळलं होतं. पेणच्या पुढे, एसटीत, त्यांनी मला सांगितलं होतं, आणि सांगणारा माणूस बॅटरीवर आहे हे मी विसरले होते.

आता प्रत्येक छापील जबानीपुढे वहीतली तिची ओळ लावून झाली आहे. ज्यांच्या जबान्या त्यात आहेत त्यांतली जी माणसं हयात आहेत ती सुनावणीला येणार आहेत. ज्यांनी भात लावलं तीच माणसं, ज्या शेतात लावलं ती शेतं, आणि ज्या दिवशी हे लिहून घेतलं तो दिवस. इथं शेती कधी नव्हती, हे वाक्य त्यांच्या तोंडावर उच्चारून दाखवावं, एवढीच माझी कार्यालयाला विनंती आहे.

वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर काकांची शेवटची ओळ आहे. तिथी, भरती, सकाळी सहा वीस. गेले त्याच्या आदल्या दिवशीची. पुढच्या सुनावणीची तयारी म्हणून त्यांनी पाटा भरून ठेवला असणार. ओहोटीचा रकाना कोरा आहे. न वापरताही बॅटरी आपोआप गळते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, तेव्हा ती भरती केव्हाच वसरून गेली असेल, कुणी न मोजता. मी खाली नवी ओळ आखायला घेतली तर काकीनं पट्टी धरली. म्हणाली, आधी त्यांची ओळ पुरी कर, मग तुजी. कोऱ्या रकान्यात मी लिहिलं, मोजली नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही पाटा भरणार आहोत. किती वाजता ते काकी सांगेल, तिनं काकांचं घड्याळ आतापासून मनगटावर चढवलं आहे, बायकांच्या हाताला फारच मोठं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर मी बटण दाबेन आणि वेळ लिहीन. या महिन्यात बॅटरी एकतीस मिनिटं टिकते, आम्ही दोनदा मोजलंय. म्हणजे माझ्याकडे वीस.

पहिल्या ओळीत यमुनाबाई. दुसरीत जमीन.