अक्कांचं उघडं डोकं

आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखी उघड्या डोक्याने हिंडणारी बाई लोहाऱ्यापासून अणदूरपर्यंत दुसरी सापडायची नाही. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांची लेक सातवीत होती तेव्हा अक्कांच्या डोक्याला चाई लागली आणि वर्षभरात सगळे केस गळून गेले. आमच्या घरात बायकांच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही. माझा तर झोपेतही ढळत नसेल. सगळ्यांना वाटलं, अक्का आता तो आणखी घट्ट घेतील. त्यांनी तो खांद्यावर टाकला. सासूबाई रागावल्या तर म्हणाल्या, “केस हुते तवर झाकले की. आता झाकायला काय ऱ्हायलंय?”

त्यांच्या भावाने सोलापूरहून केसांचा टोप आणून दिला. अक्कांनी तो ज्वारीतल्या बुजगावण्याला घातला. पाखरं काही फसली नाहीत, पण आमच्या ह्यांनी बांधावरून ‘वहिनी, जेवायला चला’ म्हणून त्याला दोनदा हाक मारली. उत्तर येईना, तेव्हा वहिनी रुसल्या असं समजून घरी येऊन माझ्यावरच डाफरले. उन्हात अक्कांचं डोकं असं चकाकायचं की गल्लीतली पोरं डोळ्यांवर हात धरून सोंग करायची. अक्का त्यांना दारात बसवून पायरीची फरशी दाखवायच्या. “ही घोटीव हाय, म्हणून चमकती. अंगणातली खडबडीत, ती चमकत न्हाय. केस म्हंजी गवत. गवतात ऊन अडकून बसतंय. इथं अडायला काय न्हाय, आलं तसं माघारी जातंय. अन् अंगातलं तेल प्यायला केस न्हाईत, ते बी वरच ऱ्हातंय.” मग पोरांना एकेक करून डोक्यावर हात फिरवू द्यायच्या. मी दाराआडून ऐकायची. असं चारचौघांत बोलणं मला जन्मात जमलं नाही.

लेकीच्या लग्नात मांडवात घरच्यांचा फोटो निघणार होता. मी फोटो नको म्हणून खांबाआड उभी होते. फोटोवाल्याने दोनदा दिवा सरकवला आणि म्हणाला, “मावशी, तेवढा पदर घ्या. लई चमकतंय.”

“चमकतोय तुजा दिवा,” अक्का म्हणाल्या. “माजं डोकं त्यो निस्ता माघारी देतंय. विझव की.”

“मग सगळेच काळे येतील.”

मांडव हसला. नवरी हसली नाही. सासरची माणसं शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, “आई, आजच्या दिवस घे की.”

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. “आज घेतला तर इतके दिस मी चुकले असं हुईल, बाळा. तुमी काढा फोटो.” त्यांनी तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि स्टेजवरून उतरून माझ्याजवळ खांबाशी येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा मी तोंड उघडलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते. अक्कांचं बरोबर होतं. दिवाच विझवायला पाहिजे होता.

तो फोटो अक्कांच्या भिंतीवर आहे. सगळे समोर बघतात. एकटी नवरी मान वळवून खांबाकडे बघतेय. येणारे-जाणारे विचारतात, ही कुठं बघती?

अक्का काच पुसत म्हणतात, “फोटोवाल्यानं नीट सांगितलं न्हाय तिला.”