फाउंड्रीतला माइस्टर

साठ सालाच्या सुमाराला जर्मनीत आखनला शिकताना मी सुट्टीत एका फाउंड्रीत काम करत होतो. तिथला म्हातारा माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, सकाळी आमच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघायचा. बुटांवरून गुडघ्यापर्यंत चामड्याच्या गामाशेन बांधल्याशिवाय तो कुणाला भट्टीजवळ फिरकू देत नसे. ‘आल्झो,’ म्हणजे ‘हं, तर मग,’ असं म्हणत खाली वाकून एकेक बक्कल ओढून बघायचा. वडिलांच्या वयाचा माणूस पायांना हात लावतोय म्हटल्यावर मी पाय मागे घ्यायचो. तो वैतागायचा. ‘भाजेल तो तुझा पाय, माझा नाही. नीट उभा राहा.’

शेवटच्या आठवड्यात त्याने लोखंडाचा रस मला ओतायला दिला. एक शिंतोडा थेट घोट्यावर उडाला. चामडं चरचरलं, पण माझा हात हलला नाही. साचा अगदी वरपर्यंत भरला. माइस्टर वाकला, चामड्यावरचा काळा डाग त्याने अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, ‘गेनाऊ.’ म्हणजे अगदी बरोबर. त्याच्या तोंडून एवढं कौतुक फाउंड्रीत कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपलाच पाय पुढे केला. ‘आल्झो, आज माझी बक्कलं तू बघ.’

मी खाली वाकलो, बक्कलं ओढून बघितली, आणि उठता उठता नमस्कारही करून घेतला.