ढगांसाठी थांबवलेली बाजरी

पावसाळ्यात माझा कॅमेरा भाजलेल्या तांदळाच्या शेजारी राहायचा. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, म्हणून बायको मूठभर तांदूळ कोरडे भाजून फडक्यात बांधून द्यायची आणि ती पुरचुंडी मी डब्यात कॅमेऱ्याजवळ ठेवायचो. चार-आठ दिवसांनी तांदूळ पुन्हा भाजायचे. आपल्या घरी पहिलं पान कॅमेऱ्याचं वाढलं जातं, असं ती म्हणायची.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. आम्ही चिंचवड गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मी कुणाच्या नोकरीत नव्हतो, माझा स्टुडिओही नव्हता. सायकलला पेटी बांधायची आणि जिथे काम असेल तिथे जायचं. पावसाचे महिने दापोडीच्या चाळींमध्ये कामगारांच्या पासासाठी फोटो काढण्यात जायचे. माणसाला दाराशी उजेडात बसवायचं, मागे त्याच्याच घरातल्या कुणीतरी चादर धरायची. धुतलेली फिल्म चुलीपासून लांब, दोरीला वाळत घालायची. तरी तिला फोडणीचा वास लागायचाच. मी खरी वाट पाहायचो ती नवरात्राची. हस्ताचा पाऊस सरला की हवा धुऊन निघते, सावल्यांना कडा येतात आणि देहूरोडकडचे डोंगर हाताशी आल्यासारखे दिसतात.

त्या वर्षी मला मोठं काम मिळालं होतं. पिंपरीच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहिला होता. तिथल्या साहेबांना कॅलेंडरसाठी फोटो हवा होता: मागे कारखान्याची शेड आणि पुढे उभं पीक. माझा फोटो छापला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेडच्या पुढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बाजरी होती. मी त्यांना आबा म्हणायचो. ते रान त्यांनी कारखान्यालाच विकलं होतं. दुसरी शेड तिथे व्हायची होती. हे एक पीक काढून घ्या, मग आम्ही कुंपण घालतो, असं ठरलं होतं. घरच्या रानाची ही शेवटची बाजरी भोगीपर्यंत पुरवायची, आणि भोगीची भाकरी तिचीच करायची, असं आबांच्या कारभारणीने ठरवून टाकलं होतं. त्यांना मी मावशी म्हणायचो. फोटोबद्दल विचारायला गेलो तेव्हा आबांनी लगेच होकार दिला. "काढा की. पुढच्या साली हितं भिंत हाय. फोटूत तरी ऱ्हाईल रान."

भादव्यात मी तीन-चार वेळा नुसताच जाऊन बांधावर उभा राहून आलो. आभाळ भरलेलं, उजेड मेलेला. कणसं भरत गेली, मग पिकली. आश्विन लागला आणि एका सकाळी आभाळ एकदम निवळलं. मी पेटी बांधून निघालो.

शेतावर पोचलो तर काढणीची तयारी झालेली. रहाटणीहून आबांचे मेव्हणे माणसं घेऊन आले होते. सगळे विळे घेऊन माझ्यासाठी खोळंबले होते. आधी फोटो, मग विळा. मी कॅमेरा लावला, काळं फडकं डोक्यावर घेतलं. ऊन चांगलं होतं, शेड स्वच्छ दिसत होती, बाजरी वाऱ्यावर डुलत होती. पण आभाळात एकही ढग नव्हता. असं कोरं आभाळ फोटोत धुतलेल्या धोतरासारखं येतं. ढग असले आणि भिंगापुढे पिवळी काच लावली, तर ते कापसाच्या गंजीसारखे उठून दिसतात.

मी फडक्यातून डोकं बाहेर काढलं आणि आबांना विचारलं, दोन दिवस थांबता येईल का.

आबांनी आभाळाकडे पाहिलं. मावशी पदर खोचत म्हणाल्या, "अवं फोटुवालं, ढग काय एकटं येत्यात व्हय? संगं पानी घिऊन येत्यात."

सगळे हसले. मीही हसलो आणि ते ढग वेगळे, मला पांढरे हवेत, असं त्यांना समजावून सांगितलं.

"ऱ्हाऊ दे," आबा मावशींना म्हणाले. "शेवटचं पीक हाय. दोन दिसानं काय व्हतंय."

रहाटणीची माणसं विळे घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची स्वतःची काढणी होती.

इथे मला लिहिलंच पाहिजे की साहेबांनी ढग मागितले नव्हते. त्या सकाळी काढलेला फोटो त्यांनी आनंदाने घेतला असता. ढग मला हवे होते. स्टेशनवरच्या स्टॉलवर एका परदेशी मासिकात मी तसा फोटो पाहिला होता आणि तेव्हापासून माझंही चित्र तसंच यावं असं मनात होतं. शिवाय माझ्या एका शब्दावर विळे थांबले, याचं मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावळाकडून काळं आलं. तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस वाऱ्यासकट पाऊस कोसळत राहिला. बायकोने विचारलं, त्या आबांची बाजरी काढून झाली ना? मी तांदळाची पुरचुंडी सोडली आणि पुन्हा बांधली. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या मनात हेही आलं की हा पाऊस सरला की ढग छान येतील.

तसेच आले. उघडीप झाली त्या सकाळी मी घरी सांगितलं की आबांना भेटून येतो. पेटी मात्र सायकलला बांधलेली होती.

बाजरी आडवी झाली होती. कणसं चिखलात माखलेली, दाणे काळे पडायला लागलेले, आणि काहींना सुईएवढे हिरवे मोड. आबा वाकून कणसासकट एकेक ताट उचलून झटकत होते. मी म्हणालो, "आबा, माझ्यामुळं झालं."

त्यांनी वर पाहिलं. "आलं का तुमचं ढग?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. मी आले म्हणालो.

"मग काढा की. आता त्ये बी कशाला वाया घालवायचं?"

आणि ते बांधाकडेची ताटं उभी करायला लागले. पाच-सहा ताटं एकत्र धरायची, मूठभर गवत पिळून त्याने बांधायची, मागून काठीचा टेकू द्यायचा. मावशी थोडा वेळ बघत राहिल्या आणि गोठ्याकडे निघून गेल्या. आबांनी हळूहळू एक ओळ उभी केली. मी चिखलात गुडघे टेकले आणि कॅमेरा खाली घेतला, म्हणजे मागचं आडवं पीक त्या ओळीआड जाईल. त्यांना थांबवावं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी म्हणालो, "आबा, ते डावीकडचं जरा उंच करा."

त्यांनी केलं.

फोटो फार चांगला आला. साहेबांनी पाठ थोपटली. देण्याआधी मी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलने बसून गवताच्या गाठी आणि टेकूच्या काठ्या दिसेनाशा केल्या. ते काम मला चांगलं जमायचं.

भोगीच्या दिवशी कॅलेंडर घेऊन मी आबांकडे गेलो. आबांनी ते खुंटीला टांगलं आणि शेजाऱ्यांना हाक मारून दाखवलं. "ह्ये आमचं रान. बघा कसं हुबं हाय."

मावशींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी. "बाजारची बाजरी हाय," त्या म्हणाल्या. "घरची गुरांनी बी सोडली." मग पदराला हात पुसत त्या कॅलेंडरजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. "आन तुमी बांधलेल्या गाठी कुठं गेल्या?" त्यांनी आबांना विचारलं.

आबा उठले. त्यांनी कॅलेंडर खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि कणसांच्या ओळीवरून बोट हळूहळू फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं की छपाईत असं होतं. मी म्हणालो, "मी पुसल्या, आबा."

त्यांनी कॅलेंडर परत खुंटीला लावलं, सरळ केलं, आणि मावशींना म्हणाले, "त्येंच्या भाकरीवर लोनी घाल."