उलट्या कोटातला मामा

आधी एक कबूल करा. हसायचं असलं तर हळू हसा. आमची मंडळी आत भाकरी थापून राहिली आहे, आणि तिच्या कानावर गेलं तर हीच गोष्ट ती माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. घ्या, चहा घ्या. थंड होईल.

तर गोष्ट एवढीच की मी अंघोळ केली. बस्स! पण एका सकाळी दोनदा, थंड पाण्यानं, मार्गशीर्षातल्या थंडीत, आणि दोन्ही वेळेला चारचौघांत. आता म्हणाल, असं कोणतं व्रत होतं? व्रत कसलं? मामा होतो मी!

माझी धाकटी बहीण गोदा. तिला दोन लेकी. थोरलीच्या लग्नात मी पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. मी माणूसच सावकाश. जेवतो सावकाश, बोलतो सावकाश, आणि मोटरसायकल अशी चालवतो की मागच्या बैलगाडीनं हॉर्न दिला असता, तिला हॉर्न असता तर. त्या लग्नात नवरीचा मामा म्हणून कोण उभं राहिलं? गोदाचा भाडेकरू! तेव्हापासून दर दिवाळीला आरतीचं ताट हातात घेऊन गोदा विचारते, "अण्णा, तुला ओवाळू का भाडेकरूला बोलावू?"

म्हणून धाकटीचं, पूजाचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. आभाळ कोसळो, मामा वेळेवर.

लग्न नवरदेवाच्या गावी होतं, देगलूरच्या पुढं, उदगीरच्या वाटेला. तिकडं लग्नाच्या दिवशी सकाळी सुरगी असते. चार कोपऱ्यांत चार तांबे मांडायचे, त्यांना सूत गुंडाळायचं, मधे पाट ठेवायचे. त्यावर नवरी, तिची आई आणि मामा बसतात, आणि बायका पाणी घालतात. नवरदेवाची त्याच्या घरी वेगळी, नवरीची तिच्या जानवशात, म्हणजे तिचं वऱ्हाड उतरलेल्या जागी, वेगळी. पहिला तांब्या मामाच्या डोक्यावर, आणि तो कच्च्या पाण्याचा. कच्चं म्हणजे आडातून काढलेलं, विस्तव न बघितलेलं. त्याच्यानंतर मग ऊन पाणी. मामाशिवाय सुरगी अडते. गोदानं फोनवर बजावलं होतं, "दिवस उगवायच्या आत ये. ह्या बारीला भाडेकरू न्हाई, मी घर विकलं."

आमच्या घरचे सगळे आदल्या दिवशीच टेम्पोनं गेले. मीही निघालोच होतो, पण म्हशीनं नेमका तोच दिवस धरला. संध्याकाळी ती व्याली. रेडकू उभं राहून दूध प्यायला लागलं तोवर शेवटची बस नायगावहून निघून गेली होती.

रुक्मिण, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "म्हशीपाशी मी राहते. मामा तुमी हाव, मी न्हाई. पहाटं गाडीवर निघा."

"थंडी केवढी हाय! गोठून जाईन गं."

"थंडी तुमच्यापर्यंत पोचली तर मला सांगा," ती म्हणाली, आणि तिनं ट्रंक उघडली.

अहो, कडबा बांधावा तसं बांधलं हो मला! बनियनवर पेपर लावले, पुढूनही आणि मागूनही, वर सुतळी. मग माझा सदरा, त्यावर पोराचा स्वेटर, त्यावर नातवाचा स्वेटर. त्याच्या बाह्या कोपराशीच संपत होत्या. धोतराच्या आत पायजमा. हातमोजे नव्हते म्हणून हातांत पायमोजे. डोक्याला माकडटोपी, टोपीवर टॉवेल, टॉवेलवर तिची शाल. आणि सगळ्यात वरून माझा लग्नातला कोट, तोही उलटा! बटणं पाठीकडं.

"अगं, ह्ये काय?"

"वारं समोरून येतंय का पाठीमागून? बटणाच्या फटीतून आत शिरतं ते. आता कुठून शिरंल?"

बिनतोड! वारं शिरणार कुठून? पण मी बाहेर निघणार कुठून, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मोबाईल सदऱ्याच्या खिशात राहिला तो तर कोटाखाली पार गाडलाच गेला.

निघालो. नरसी गाव मागं पडलं. खरं सांगतो, छातीला थंडी कळलीसुद्धा नाही. रुक्मिणीचं काम पक्कं. पण तोंड आणि गुडघे उघड्यावर पडले होते ना! देगलूर येईपर्यंत जबडा माझा राहिला नाही. चष्म्यावर दव धरलं, ते पुसावं तर हातात पायमोजे. त्यात मधेच छातीत गुरगुरायला लागलं. मला वाटलं, गेला आता म्हातारा! मग कळलं, फोन वाजून राहिला. गोदाचाच असणार. पण घेऊ कसा? बटणं पाठीला! मी छातीला मोठ्यानं सांगितलं, "येऊन राहिलो गं, येऊन राहिलो!" आणि गाडी तशीच हाकली. थांबायचं नाव नाही. चहाच्या टपऱ्या दिसल्या, शेकोट्या दिसल्या, मान वळवली नाही. तशी ती वळतही नव्हती म्हणा.

गाव आलं तेव्हा नुसतं फटफटत होतं. गोदानं सांगितलं होतं, शाळेजवळचा मांडव. आता मला काय दिसलं? मांडव दिसला. आणि मांडवापुढं तीन दगडांच्या चुलीवर हा एवढा हंडा, खाली लाकडांचा जाळ, असा लालभडक! शाळा बिळा बघायची शुद्ध कुणाला होती? गाडी मी वळवली नाही, देवाशप्पथ. ती आपली आपण वळली.

जाळापाशी जाऊन उभा राहिलो. एक धिप्पाड माणूस लगबगीनं पुढं आला. नवरदेवाचा लांबचा चुलता तो, दिगंबर. नवरदेवाच्या मामाला त्यानं कधी बघितलंच नव्हतं, पण हे मला मागाहून कळलं.

"मामा का?" त्यानं विचारलं.

आता मी मामा नव्हतो का? त्याचसाठी तर एवढी वाट तुडवली होती! गोठलेल्या जबड्यातून कसाबसा एक शब्द काढला, "हाव."

"आले! मामा आले! वाजवा रे!"

वाजंत्रीवाल्यानं झोपेतून उठून सनई तोंडाला लावली. बायका धावल्या, कुणी पायावर पाणी घातलं, कुणी कपाळ शोधून कुंकू लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, गोदानं केवढा मान ठेवला भावाचा! आणि मी येडा, इतकी वर्षं तिच्या टोमण्यांवर रुसलो होतो. "गोदा कुठंय," असं विचारायला गेलो तर तोंडातून नुसती वाफ. त्यांनी चहाचा कप ओठांना टेकवला.

"चला मामा, तुमच्यासाठीच अडलंय. कापडं काढा."

काढा म्हणे! दिगंबर पुढून बटणं शोधून राहिला, त्याला सापडेनात. मागून एक बाई म्हणाली, "अहो भावजी, बटणं इकडं हायत! मामाचं तोंड नेमकं कुणीकडं हाय?"

मग चौघं लागली सोलायला. कोबीचा गड्डा सोलावा तसं. शाल गेली, टोपी गेली, टोपीबरोबर चष्माही गेला. दोन स्वेटर निघाले, सदरा निघाला, आणि खालून निघाले पेपर. जाळापाशी शेकत बसलेले एक आजोबा उठले, माझ्या छातीजवळ वाकले आणि उभ्यानं वाचायलाच लागले.

"थांबा रे, सोयाबीनचं काय लिवलंय बघू द्या. मामा, जरा वळा. पुढचं पाठीवर असंल."

मी वळलो हो! थोरांच्या शब्दाला नाही कसं म्हणावं?

खाली टाकलेल्या सदऱ्यात फोन पुन्हा गुरगुरला. मी हात पुढं केला. दिगंबर म्हणाला, "फोन मागून, मामा. येळ टळून राहिली." आणि मला पंचा नेसवून, उचलून सुताच्या आत पाटावर बसवलं.

शेजारच्या पाटावर चादर पांघरून, हळदीनं माखून, डोळे गच्च मिटून कुणीतरी बसलेलं. चष्म्याविना मला काय, नुसता पिवळा ढीग दिसत होता. पूजाच, दुसरं कोण? तेवढ्यात चहानं जबडाही जरा सैल झाला होता. मी वाकून हळूच म्हटलं, "पोरी, लई वाळलीस गं. जेवत न्हाईस का? सासरी जाऊन असं करू नको बरं."

पिवळा ढीग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी बरा हाय, मामा."

मला वाटलं, थंडीनं पोरीचा आवाज बसला! माझं काय चुकलं, सांगा? उघड्या अंगावर वारं, दात वाजतायत, कोण लक्ष देतंय बरा का बरी!

आणि पहिला तांब्या आला. धाडकन डोक्यावर! कच्चं पाणी! अहो, आडाच्या तळातून थेट माझ्या टाळूवर. मी असा काही ओरडलो की वाजंत्रीवाल्याची सनई बंद पडली.

तेवढ्यात नवरदेवाच्या आईला तिसऱ्या पाटावर बसवायला आणलं. तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे बारीक केले. परत बघितलं.

"अगं बाई! ह्यो माझा भाऊ न्हाई!"

नवरदेवानं डोळे उघडले. मी त्याच्याकडं बघितलं आणि तेव्हा कुठं मला त्याच्या मिशा दिसल्या.

आणि नेमका सदऱ्यातला फोन वाजला. दिगंबरनं दोन बोटांत धरून माझ्या कानाला लावला.

"अण्णा, कुठं हाईस?" गोदा.

"आलो की कवाच! मांडवात बसून न्हाऊन राहिलो."

"मांडवात? मांडवात तर मी बसले! तू कुणाच्या मांडवात न्हाऊन राहिला?"

काय सांगू तिला? नवरीचा मामा नवरदेवाच्या दारी जाऊन त्याचा मान अंगावर घेऊन बसला होता!

पण खरा घोर पुढंच होता. त्याच वेळेला नवरदेवाचा खरा मामा फटफटीवरून उतरला. नरसिंगराव त्यांचं नाव. तेही कानटोपी, मफलर, सगळं गुंडाळून आलेले. दारातूनच त्यांनी बघितलं की त्यांच्या पाटावर कुणी उपटसुंभ ओलाचिंब बसलाय. झालं! गाडीला टेकून उभे राहिले.

"माझ्या जाग्यावर दुसरा बसवला? मंग माझं काय काम हाय इथं? चाललो मी."

नवरदेवाची आई रडकुंडीला आली. दिगंबर हात जोडून राहिला. मामा रुसला म्हणजे लग्नाला नाट! आणि नाट लागणार कुणाच्या संसाराला? आमच्या पूजाच्या! माझ्या एका "हाव"पायी.

म्हटलं, आता हे आपणच निस्तरायचं. तसाच उठलो, ओल्या पंच्यावर, दात कडकडत. त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. घाई केली नाही. घाई मला येतच नाही.

"पावणं," मी म्हटलं, "किती लांबून आलात?"

"मुखेडहून." तोंड दुसरीकडं.

"गाडीवर थंडी वाजली का?"

"हाडं गोठली."

"मंग ऐका. पहिला तांब्या कच्च्या पाण्याचा असतो. आडाचा. तो तुमच्या वाटचा होता, माझ्या डोक्यावर पडला. आता हंड्यातलं ऊन पाणी तेवढं राहिलं. तुमी जाणार असाल तर तेबी माझ्याच वाट्याला यील. मला चालंल."

नरसिंगरावांनी हंड्याकडं बघितलं. वाफ निघत होती. मग माझ्याकडं बघितलं. माझ्याही अंगातून निघत होती, पण ती वेगळी.

"कच्चं पाणी घालून झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"झालं."

"परत न्हाई घालणार?"

नवरदेवाची आई डोळे पुसत म्हणाली, "न्हाई रे दादा. एकदा पडलं की पडलं."

"तसं असंल तर," मफलर सोडत ते म्हणाले, "पावण्यानं घेतलेलं माझ्याच खाती धरा." आणि घाईघाईनं पाटावर जाऊन बसले! जाता जाता माझ्या कानात म्हणाले, "उपकार झाले, पावणं. दर लग्नाला माझा जीव त्या पहिल्या तांब्यालाच भितो."

मी कपडे गोळा केले. पेपर आजोबांनी दिले नाहीत, त्यांचं वाचून व्हायचं होतं. कोट या खेपेला सुलटा घातला आणि पळत निघालो. हो, पळत! शाळा गल्लीच्या पलीकडंच होती. डोक्यातून पाणी गळतंय, कपाळाचं कुंकू नाकावर आलंय, तरी मनात एकच. पोचलो! दिवस उगवायच्या आत पोचलो!

शाळेच्या पटांगणात गोदा सुताच्या आत बसलेली. शेजारी पूजा, हळदीनं माखलेली. या वेळेला मी आधी चष्मा पुसला, मिशा नाहीत याची खात्री केली आणि मगच बसलो. अवतार बघून पूजाला हसू आवरेना.

गोदा मात्र हसली नाही. बघतच राहिली. मग म्हणाली, "आलास अण्णा. येळेवर आलास." डोळे भरले तिचे. माझेही.

मी म्हटलं, "आता घाला ऊन पाणी. कच्चं तिकडं झालं माझं."

गोदानं डोळे पुसले. "तिकडं झालं ते त्यांच्या मामाचं झालं. आमच्या मामाचं कुठं झालं?"

"अगं, अंग ओलं हाय माझं! हात लावून बघ!"

"थोरलीच्या लग्नाचंबी राहिलंय," ती म्हणाली, आणि बायकांच्या हातातून तांब्या स्वतः घेतला. तांब्या कसला? बादली होती हो ती!

उन्हं वर आल्यावर पूजाच्या अक्षता पडल्या. तिच्या पाठीमागं मामा उभा होता. शिंकत होता, पण उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. रुक्मिण दारातच उभी होती, रेडकाला धरून. मला खालून वरपर्यंत बघितलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय हो? माझ्या बांधणीत थंडी वाजली का?"

मी खरं तेच सांगितलं. "बांधणीत? अजिबात न्हाई."