जोडव्यांखालची खूण

एमआरआयसाठी आत नेण्याआधी नर्सने हिच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून माझ्या हातात दिलं. मंगळसूत्र, बांगड्या आणि शेवटी जोडवी. ती निघता निघेनात, साबण लावावा लागला. निघाली तेव्हा त्या बोटांवर फिकट पांढरी कडी दिसली. तीस वर्षांत तिथे ऊन पोचलंच नव्हतं.

मी ती खूण पहिल्यांदाच पाहत होतो. बायकोचे पाय आपण कधी बघतो? ते घरभर फिरत असतात. जोडवी फरशीवर वाजतात आणि पेपरातून मान वर न करता आपल्याला कळतं, चहा येतोय. छातीतला कॅन्सर मणक्यात उतरला आणि तो आवाज थांबला. कमरेला पट्टा बांधून ती थोडा वेळ बसायची, मग तेही सुटलं. डॉक्टर रोज तिच्या तळव्यावरून किल्ली फिरवतात आणि विचारतात, "कळतंय का?" ती म्हणते, "थोडं थोडं." त्या थोड्या थोड्यावर मी दिवस काढतो.

तपासणी झाली. ती स्ट्रेचरवर सरळ पडून छताकडे बघत होती, मान उचलायची बंदी होती. मी पायाशी वाकलो, एक जोडवं घातलं, मग दुसरं. दोन्ही बरोबर त्या पांढऱ्या कड्यांवर बसली.

"अहो," ती म्हणाली, "जोडवी राहिली. तेवढी घाला ना."

"घालतोय," मी म्हणालो, आणि तिची बोटं धरून तसाच वाकून उभा राहिलो.