भरलेली गाडी का थांबते?

किस्से काय, शर्टावरच्या धुळीसारखे बसत जातात. झटकायला घेतलं की कळतं, किती साठले! चौक गावाहून रसायनीकडे जाताना रंगाची रसायनं बनवणारी आमची कंपनी लागते. तिच्या गेटवर मी असतो. शाळा काही झाली नाही, म्हणून मी सांगतो आणि नात लिहून घेते.

हे सगळे किस्से कॉम्प्युटरवाल्या मनीषा मॅडमचे. त्या कर्जतहून आल्या, तेव्हा पुण्याचं मोठं गिऱ्हाईक तुटायच्या बेतात होतं. माल चांगला, पण रोज उशीर. शेठनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत गाड्या वेळेवर निघाल्या नाहीत, तर त्यासाठीच उघडलेलं कॉम्प्युटर खातं बंद.

* * *

पहिले तीन दिवस मॅडमनी कॉम्प्युटर उघडलाच नाही. माझ्याजवळ स्टूल टाकून बसल्या.

"काका, भरलेली गाडी का थांबते?"

"माल पास झाल्याचा कागद येत नाय म्हणून."

त्या माल तपासणाऱ्या लॅबमध्ये गेल्या. लॅबवाले म्हणाले, आम्ही सकाळीच पाठवला. खरंच पाठवला होता, पण थेट शेठच्या कॉम्प्युटरवर! मालकाला आधी कळावं, असं ठरलेलं. शेठ बाहेरगावी गेले की पास झालेला मालही गेटवर उभा. गेटला कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

* * *

शेठना केबिनमध्ये भिंतीएवढा टीव्ही हवा होता, सगळ्या खात्यांचे रंगीत आलेख बघायला. मॅडमनी हळूच विचारलं, "शेठ, ते बघून उद्या तुम्ही वेगळं काय कराल?"

शेठनी अख्खा चहा संपवला. मग म्हणाले, "तो टीव्ही काकांच्या केबिनात लावा."

त्यावर प्रत्येक गाडीचं चित्र दिसतं. माल पास झाला की चित्र हिरवं. वाचायची गरज नाही.

* * *

मग ड्रायव्हरांच्या मोबाइलवरही निरोप जायला लागले. माल पास होईस्तोवर ते चौकच्या धाब्यावर खाटेवर आडवे असत. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन एकदम वाजले आणि धाबा ओस पडला. धाबेवाला बाळाराम स्कूटर घेऊन गेटवर हजर.

"काका, तुमच्या मॅडमना सांगा, मी भाकऱ्या थापून ठेवल्यात. आता त्या मीच खाऊ का?"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी आणखी एक निरोप जायला लागला : 'जेवून घ्या.'

* * *

दिवाळीच्या तोंडावर पुण्याचे साहेब आले, संबंध ठेवायचा की तोडायचा ते ठरवायला. शेठनी जाड फाइल तयार ठेवली होती. मॅडमनी ती उघडूच दिली नाही. साहेबांना गेटवर आणून माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "इथून बघा."

एक टेंपो आला, चित्र हिरवं होतंच, मी फाटक उघडलं. मग दुसरा. मग तिसरा. साहेबांचा चहा अजून गरम होता.

"हे कुणाच्या डोक्यातून आलं?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, "तीन दिवस यांच्याजवळ बसले, तेव्हा कळलं." मी घाबरलो. म्हटलं, "साहेब, मला सही पन येत नाय."

साहेब उठले. मला खुर्चीत बसवलं, आणि स्वतः उभ्यानंच म्हणाले, "काका, तीन दिवस आमच्या गेटवर येऊन बसाल का?"